आठशे त्र्याहत्तर कोटी त्र्याहत्तर लाख पंचावन्न हजार नऊ

बाकी उरली एकोणसाठ हजार नऊशे सतरा.

कमलने पेन्सिल खाली ठेवली, चष्मा काढून डोळे पदराने टिपले, पुन्हा चष्मा लावला आणि सगळा भागाकार वरपासून खालपर्यंत तपासला. नऊचा भाग, तीनचा, चारचा, आठचा, पुन्हा चारचा. हातचे चुकले नव्हते. वजाबाक्या बरोबर होत्या. एवढा एक भागाकार करायला तिला सकाळचे दोन तास लागले होते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला; तीन आणि आठ सारखेच दिसायचे.

"अपेक्षा, ये गे जरा."

अपेक्षा, तिची सून, गॅलरीत कपडे वाळत घालत होती. रविवार होता, तिला सुट्टी. निलेशला मात्र ड्युटी होती. ओले हात गाऊनला पुसत ती आत आली.

"काय झालं, आई?"

"संपलं."

"काय संपलं?"

"चोवीसच्या चोवीस झाले. रेघेपर्यंत पोचले मी. एकानंपण भाग जात नाय." कमलने वही तिच्यापुढे सरकवली. "नंबर फुटत नाय, गे. मूळ हा."

अपेक्षाने वही हातात घेतली. लग्न होऊन या घरात आली त्या आठवड्यापासून ती हा प्रकार बघत आली होती. तेव्हा एकदा तिने उत्साहाने मोबाइल पुढे करून म्हटलं होतं, "बाबा, यात टाकला ना, की एका सेकंदात कळेल." त्यावर सासऱ्यांनी घाईघाईने हात हलवला होता. "नको, नको. हातानंच करूचो तो." पुन्हा तिने विषय काढला नाही, आणि स्वतःही कधी तो नंबर मोबाइलमध्ये टाकला नाही.

"आज आपण शिवाजी पार्कला जायचं," कमल म्हणाली. "वसंत मास्तरांना सांगून येऊ. त्यांना कळायला पायजे, यांनी काम पुरं केलं म्हणून."

"केलं तुम्ही, आई."

"चोवीस मी केले. बाकीचे नऊ हजार त्यांचे."

*

कमलचा नवरा रघु साचेखात्यात होता. लालबागच्या एका कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा आणि पाळी सुटली की परळच्या रात्रशाळेत जाऊन बसायचा. बाकीचे विषय तो रेटून न्यायचा, गणित मात्र त्याच्या अंगात भिनलेलं होतं. वसंत मास्तर फळ्यावर उदाहरण लिहून हात झटकेपर्यंत मागच्या बाकावरून रघुचं उत्तर यायचं. दहावीचं वर्ष होतं आणि गिरण्यांचा संप झाला. दोन महिन्यांत मिटेल असं सगळे म्हणत होते. वर्ष उलटलं. शेजारच्या आनंदीबाईंच्या ओळखीने कमल परळच्या एका इस्पितळात आया म्हणून लागली. निलेश पाळण्यात होता. रघुने शाळा सोडली आणि तो घरात बसून राहू लागला.

वसंत मास्तर एक दिवस चाळीत आले. कमलला तो दिवस लख्ख आठवतो, कारण घरात साखर नव्हती आणि तिने मास्तरांना चहा न देता कोकमाचं सरबत दिलं होतं.

"रघुनाथ, शाळेत का येत नाहीस?"

"मास्तर, हात रिकामे झालेत. आणि डोकं थांबत नाय."

मास्तरांनी खिशातून एक कागद काढून त्यावर दहा आकडे लिहिले. ८,७३,७३,५५,००९.

"ही संख्या फोडून दाखव. दुसऱ्या कुठल्या दोन संख्यांचा गुणाकार असेल तर त्या शोध. नसेल, तर ती मूळ संख्या आहे, फुटत नाही, असं सिद्ध करून माझ्याकडे ये."

पुढच्या खेपेला त्यांनी एक छापील पुस्तिका आणून दिली. पानंच्या पानं नुसत्या मूळ संख्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा असं करत करत एक लाखापर्यंत. त्र्याण्णव हजार चारशे त्रेसष्टच्या खाली मास्तरांनी तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढली होती. "हिच्यापुढे जायची गरज नाही," त्यांनी सांगितलं. "फुटायची असेल, तर तिचा एक तरी भाजक या रेघेच्या आत सापडायलाच हवा."

रघु त्या पुस्तिकेवर तुटून पडला. शेवटी नऊ, म्हणजे दोन आणि पाच बाद. आकड्यांची बेरीज सत्तेचाळीस, म्हणजे तीन बाद. सात, अकरा, तेरा. दिवसाला पन्नास-पन्नास भागाकार. एक दिवस कमल पाळी संपवून चार वाजता घरी आली, तर निलेश रडून रडून पाळण्यातच झोपलेला, पेज करपून भांड्याला लागलेली आणि हा जमिनीवर पालथा पडून भागाकार करतोय. तिने काही न बोलता त्याच्या हातातली पुस्तिका ओढली, आपल्या ट्रंकेत टाकली आणि कुलूप लावलं.

"अगे, काय करतंस?"

"किती नंबर आसत त्येच्यात?"

"रेघेपर्यंत? नऊ हजारांच्या वर."

"मग रोज एक. मी सांगीन तो. पळान जातत काय ते?"

तेव्हापासून तसंच चाललं. रघुने पुढे कितीतरी नोकऱ्या केल्या. वॉचमन झाला, कुरिअर वाटले, शेवटी दादरच्या एका मंगल कार्यालयात भांड्याकुंड्यांची खोली सांभाळली. पण कमल इस्पितळातून आली, हातपाय धुतले, की ती ट्रंक उघडायची आणि पुस्तिका डोळ्यांसमोर धरून मोठ्याने एक संख्या वाचायची. रघु वही घेऊन तयार असायचा. पाच-सात मिनिटं नुसती पेन्सिलीची खरखर. मग तो मान हलवून म्हणायचा, "नाय." त्यावर कमल चहाचं आधण ठेवायची. तिची सुट्टी असली, गावी गेले, आजारपण आलं, डबल ड्युटी लागली, की तेवढे दिवस खाडा. एरवी नेम चुकला नाही.

कमलला त्या नंबराचा राग यायचा. आनंदीबाईंना ती म्हणायची, "माझी सवत दहा आकड्यांची हा." बायका हसायच्या. कमलही हसायची, पण त्यात थोडं खरं होतं. दिवसभरात रघु तिच्याकडे निरखून बघायचा तो एवढाच वेळ, आकडा तिच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत. हा माझ्याकडे बघतोय की आकड्याची वाट बघतोय, हे तिला कधी कळलं नाही. विचारायचं कसं, तेही कळलं नाही.

*

अठ्ठ्याण्णव सालच्या आषाढात एक गोष्ट घडली.

सकाळी दहाला कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात देवगडहून फोन आला. कमलची आई अत्यवस्थ आहे, ताबडतोब निघा. निरोप रघुने घेतला. इस्पितळ चालत दहा मिनिटांवर होतं. पण तो गेला नाही. ऑपरेशनच्या वॉर्डात जाऊन सांगितलं तर ही तिथेच कोसळेल, घरी येऊ दे, दोन घास खाऊ दे, मग सांगू, असा त्याने विचार केला. चार वाजता ती आली, जेवली, आणि मग त्याने सांगितलं. दोनची गाडी तोवर सुटून गेली होती. रात्रीच्या गाडीने कमल दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. आई पहाटे गेली होती. भाऊ म्हणाला, "रातभर तुझा नाव घेय होती."

मुंबईला परतल्यावर कमल रघुशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वाढायची, कपडे धुवायची, निलेशशी बोलायची. त्याच्याशी एक शब्द नाही. पहिल्या आठवड्यात तो रोज सांगायचा, "कमल, माझा चुकला." मग त्यानेही सांगणं सोडलं.

एक गोष्ट मात्र तिने बंद केली नाही. चार वाजता ती ट्रंक उघडायची आणि संख्या वाचायची. का, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. वॉर्डात एखाद्या पेशंटशी वाजलं म्हणून त्याचं औषध कोणी चुकवत नाही, तसं काहीसं. रघु भागाकार करायचा आणि म्हणायचा, "नाय." ती चहा ठेवायची. असे दहा महिने गेले. मग कधीतरी ती बोलायला लागली. कधी, कशावरून, ते तिने लक्षात ठेवलं नाही. माफ केलं असंही काही झालं नाही. माणूस रोज समोर असलं की अबोला झिजत जातो, तसा तो झिजला.

रघु गेला त्याला आता वर्ष होत आलं होतं. आजारपण फार नव्हतं. शेवटची संख्या तिने वाचली त्र्याण्णव हजार एकशे एकोणऐंशी. त्याला बसवत नव्हतं, उशीला टेकून त्याने भागाकार केला, "नाय" म्हणाला आणि पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली. तिसऱ्या दिवशी तो गेला. तेरावं झाल्यावर कमलने चार वाजता सवयीने ट्रंक उघडली, पुस्तिका धरली आणि मोठ्याने वाचलं, "त्र्याण्णव हजार एकशे सत्त्याऐंशी." खोलीत कोणी हललं नाही. ती उभीच राहिली. मग तीच खाली बसली आणि तिने वही उघडली. शाळा सातवीपर्यंत झालेली, भागाकार विसरलेला नव्हता.

रेघेपर्यंत चोवीस संख्या उरल्या होत्या. कुठली दोन दिवसांत झाली, कुठलीला पंधरवडा लागला. त्या वर्षात ती रडली कमी. रडायला बसली की आकडे पुसट व्हायचे.

*

शिवाजी पार्कच्या बाजूच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर वसंत मास्तर राहत होते. दार त्यांच्या मुलीने, मृणालिनीने उघडलं. "या ना. बाबा बाल्कनीत आहेत. कानाने जरा कमी ऐकतात, मोठ्याने बोला." खाली मैदानात नेट लागली होती, बॅटवर चेंडू बसल्याचे आवाज येत होते. मास्तर आरामखुर्चीत शाल पांघरून बसले होते. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण नजर तीच, फळ्याकडून वर्गाकडे वळायची ती.

"कमलताई! या, या. रघुनाथचं कळलं मला. येता आलं नाही हो, गुडघे गेले."

कमलने नारळाच्या वड्यांचा डबा मृणालिनीच्या हातात दिला, खुर्चीच्या कडेवर टेकली आणि पिशवीतून वही काढून मास्तरांच्या मांडीवर ठेवली. टॅक्सीत ती वाक्य जुळवत आली होती. आता ते तिने मोठ्याने, शाळेत धडा म्हणतात तसं म्हटलं.

"मास्तर, तुम्ही यांना नंबर दिला होतात. रेघेपर्यंत सगळ्यांनी भागून झालं. शेवटचे चोवीस मी केले, चुकले असतील तर बघा. एकानंपण भाग गेला नाय. म्हणजे तो मूळ हा. यांनी सिद्ध केलं."

मास्तरांनी वही उघडली. पानं सावकाश उलटली. रघुचं बारीक, तिरकं अक्षर, मग अचानक कमलचं मोठं, गोल. एका भागाकारावरून त्यांनी बोट फिरवलं, हातच्यांसकट. मग वही मिटून दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

"तुमचे भागाकार बरोबर आहेत," ते म्हणाले.

कमलचा चेहरा उजळला.

"पण..." मास्तर थांबले. त्यांनी अपेक्षाकडे बघितलं, खाली मैदानाकडे बघितलं. "कमलताई, रघुनाथ तुम्हाला काहीच बोलला नाही?"

"काय बोलायचं?"

"ती संख्या मूळ नाही हो. मीच बनवलेली आहे ती. दोन मूळ संख्या घेतल्या आणि गुणाकार केला. तेहेतीस हजार तीनशे एकतीस गुणिले दोन लाख बासष्ट हजार एकशे एकोणचाळीस. मला वाटलं होतं, संप मिटेपर्यंत पुरेल त्याला."

"नाय," कमल म्हणाली. "कायतरी चुकतंय तुमचं. रेघेच्या आत सगळे झाले. तेहेतीस हजारातले झाले, मी सोता वाचले. त्यांनी नाय म्हणून सांगितलं."

"त्याने ती फोडली होती. नव्व्याण्णव सालच्या जानेवारीत. दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आला, इथेच, याच बाल्कनीत. कागदावर दोन्ही भाजक लिहून आणले होते. वर आणि खाली काय काय लिहिलं होतं! विषम, संयुक्त, दोनच मूळ भाजक, न्यून संख्या."

"न्यून म्हणजे काय, सर?" अपेक्षाने विचारलं. सासूला बोलायला अवधी मिळावा म्हणून बहुधा.

मास्तरांमधला मास्तर जागा झाला. "सहा घे. सहाला एक, दोन आणि तीन यांनी भाग जातो. त्यांची बेरीज कर. सहा. भाजक एकत्र केले की संख्या पुरी भरते. अशा संख्या फार थोड्या. अठ्ठावीस एक आहे. आणि ज्यांचे भाजक सगळे गोळा केले तरी कमीच पडतात, त्या न्यून. या संख्येचे भाजक रघुनाथने मिळवले होते. बेरीज तीन लाखसुद्धा होत नाही. आणि संख्या आठशे त्र्याहत्तर कोटी."

"केवढा फरक," अपेक्षा म्हणाली.

"मोठा आहे. पण बहुतेक संख्या न्यूनच असतात."

कमलचं तिकडे लक्ष नव्हतं. तिचा आवाज चढला. "मग माका कित्याक नाय सांगल्यानी? पंचवीस वर्सां, मास्तर! पंचवीस वर्सां मी रोज ट्रंक उघडत होते. पेशंटची उलटी धुवून यायचे आणि पयला नंबर वाचायचे. आणि ह्यांका ठावक होता? मग माका येडी बनवीत होते काय?"

मृणालिनी चहा घेऊन आली, ट्रे टेकवून निमूट आत गेली.

"मी त्याला म्हटलं, शाब्बास. आता दुसरी देतो, हिच्यापेक्षा मोठी. तर म्हणाला, नको मास्तर, हीच चालू द्या. मी म्हटलं, अरे, फुटली ना ती? तर म्हणाला..." मास्तरांनी शाल सारखी केली. "म्हणाला, 'घरी अजून फुटलेली नाय.' मी पुढे विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून विचारू नये असं वाटलं."

*

परतीच्या टॅक्सीत कमल खिडकीकडे तोंड करून बसली होती. हिंदमाताच्या सिग्नलला अपेक्षाने तिच्या हातावर हात ठेवला. कमलने तो झिडकारला नाही, धरलाही नाही.

घरी आल्यावर तिने पदर खोचला. "पोटमाळ्यावरची पत्र्याची पेटी काढ."

"आई, आधी जेवून घ्या."

"पेटी काढ म्हटलं ना."

पेटीत वह्या रचून ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर रघुने साल घातलं होतं. इतक्या वर्षांत कमलने त्या कधी उघडून बघितल्या नव्हत्या. आकडा वाचणं तिचं काम, भागाकार त्याचं. एकोणीसशे नव्व्याण्णवची वही अपेक्षाने शोधून दिली, आणि कमल ती घेऊन उजेडाला, गॅलरीच्या दाराशी बसली.

जानेवारीची अकरा तारीख. ३३३३१. खाली भागाकार. घाईने लिहिलेला नाही, खोडाखोड नाही, एरवीसारखाच. दोन, सहा, दोन, एक, तीन, नऊ. सगळ्यात खाली शून्य. शून्याला गोल केलेला नाही, खाली रेघ नाही. लगेच बारा जानेवारी, पुढची संख्या, पुढचा भागाकार.

तिने बोटांवर महिने मोजले. आषाढ, श्रावण, भाद्रपद. म्हणजे अबोल्याचा सहावा महिना.

कमलचं बोट शून्यावर तसंच राहिलं. त्या दिवसांत ती त्याच्याशी दिवसभरात काय बोलत होती? एक आकडा. सकाळी नाही, जेवताना नाही, दिवा मालवताना नाही. चार वाजता, एक आकडा. त्या सोमवारी चार वाजता तो समोर बसला, त्याने भागाकार केला आणि खाली शून्य आलं. पंधरा-सोळा वर्षं ज्याची वाट बघितली ते उत्तर त्याच्या हातात होतं. तोंडाने सांगितलं असतं, तर पुस्तिका ट्रंकेत गेली असती आणि दुसऱ्या दिवशी तिने काहीच वाचलं नसतं.

आणि तो म्हणाला होता, "नाय." तिला तो दिवस आठवत नव्हता. रोजच्यासारखाच "नाय" असणार. तिने मान वर करून बघितलंसुद्धा नसेल. तिने चहा ठेवला असेल.

"तुमका सगळा मनातच ठेवूची खोड," ती हळूच म्हणाली. समोरच्या भिंतीवर त्याचा फोटो होता, पण तिने तिकडे बघितलं नाही. वहीशीच बोलली. "तेव्हा माझ्या आवशीचो फोन इलो, तो येळेर नाय सांगलात. मगे ह्या नाय सांगलात."

अपेक्षाने ताट वाढून आणलं आणि शेजारी ठेवलं. कमल पानं उलटत होती. फेब्रुवारी, मार्च. नुसते भागाकार. एका पानावर चहाचा डाग, एका पानावर निलेशने लहानपणच्या सवयीने काढलेलं विमान. एप्रिल. या माणसाने वहीत आकड्यांशिवाय कधी काही लिहिलं नव्हतं. खुशाली नाही, देवाचं नाव नाही.

मेच्या एका पानावर तिचा हात थांबला.

भागाकार होता, बाकी होती, सगळं जागच्या जागी होतं. पण समासात पेन्सिलीने, इतक्या बारीक की मोतीबिंदूच्या डोळ्याला ते आधी डागच वाटलं, दोन शब्द लिहिले होते. तिने वही डाव्या डोळ्याजवळ नेली.

'आज बोलली.'

खाली गल्लीत कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. कमलने वही मांडीवर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा वाचलं.

"काय लिहिलंय, आई?" अपेक्षाने वाकून विचारलं.

कमलने समासावर तळहात ठेवला. "काय नाय. आकडे."

"जेवा ना. गार होतंय."

"जेवते. तू घे वाढून."

अपेक्षा आत गेली. कमल आठवत बसली. काय बोलली होती ती त्या दिवशी? मे महिना, म्हणजे पाण्याचे हाल असणार. पाणी गेलं, असं म्हणाली असेल. किंवा, निलेशचा रिझल्ट कधी आहे. किंवा, तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय, काढून ठेवा. असलंच काहीतरी, त्याहून मोठं नाही. मोठं काही बोलली असती तर लक्षात राहिलं असतं. त्याला ते लिहून ठेवण्याएवढं वाटलं, आणि तिला त्यातला एक शब्द आठवत नव्हता.

आमटीवर साय धरली. तिने डोळे मिटले, ती दुपार, तो उकाडा, दारातून आत येणारी ती, हातपाय धुऊन पाठमोरी उभी असलेली ती, सगळं पुन्हा मांडून बघितलं. पाठमोरी ती वळायची, ओठ हलायचे, आणि नेमकं तिथे काही ऐकू येत नव्हतं.